वाचकांचे प्रश्न : कोलॅजेनची अँटिबॉडी ठेवायची कशी, वापरायची कशी

गेल्या दोन महिन्यांत ऐरोली, खारघर, घोडबंदर, डोंबिवली असं सगळीकडून जी पत्रं आली त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर होती, म्हणून यावेळचं सदर तिलाच दिलंय. कोलॅजेनची अँटिबॉडी. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, टेंडन यांना बळकटी देणारं प्रोटिन, आणि त्याची अँटिबॉडी म्हणजे नेमकं त्यालाच शोधून चिकटणारं दुसरं प्रोटिन, सॅम्पलमध्ये कोलॅजेन कुठे आहे ते दाखवायला वापरतात ते. नवी मुंबईतल्या एका हिस्टॉलॉजी लॅबमध्ये (टिश्यूचे पातळ काप करून तपासतात तिथे) मी बावीस वर्षं काम केलं आणि या काळात किती महागाच्या ट्यूब नुसत्या नीट न ठेवल्यामुळे वाया गेलेल्या पाहिल्या, काही तर माझ्या हातून टाकाव्या लागल्या, त्याचं वाईट अजून वाटतं. एका ट्यूबमध्ये एखाद्या मुलीची वर्षभराची कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या खर्चाची रक्कम, गेलेली असते हो. त्यामुळे यावेळी उत्तरं जरा मोठी झालीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे कोलॅजेन टाइप वनची सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी आली, १०० मायक्रोलिटर. सिनियर म्हणतो फ्रिजमध्ये ठेव, सर म्हणतात मायनस ८०, आणि कागदावर मायनस २० लिहिलंय. नक्की कुठे ठेवू? (विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : कागदावर लिहिलंय तिथे. सर आणि सिनियर दोघांचा मान ठेवून सांगते, ज्यांनी ती बनवली त्यांना तिच्या बफरमध्ये, म्हणजे ती ज्या द्रवात ठेवलीय त्यात, काय आहे ते माहीत आहे, आपल्याला नाही. त्या कागदावर दोन गोष्टी शोध, ग्लिसरॉल किती टक्के आणि सोडियम अझाइड (बुरशी-जिवाणू रोखणारं द्रव्य) आहे का, अझाइडचं पुढे सांगते. ग्लिसरॉल ५० टक्के असेल तर मायनस २० ला ती गोठतच नाही, साखरेच्या पाकासारखी जाडसर राहते, हवी तेव्हा थोडी काढून घेता येते, आणि हाच ग्लिसरॉल घालण्यामागचा हेतू असतो. तीच ट्यूब मायनस ८० ला टाकलीस तर ती गोठणार आणि तो फायदा गेला. ग्लिसरॉल नसेल तर मात्र आल्या दिवशीच तिचे छोटे छोटे भाग करून ठेवायचे, ज्याला आपण ॲलिकॉट म्हणतो.

आल्या दिवशीच, हे परत लिहिते. "उद्या करते" म्हटलं की ती ट्यूब चार वेळा बाहेर येते, चार वेळा वितळते, चार वेळा परत गोठते. गोठताना आधी पाणी बर्फ होतं, मग उरलेल्या इवल्याशा द्रवात मीठ आणि प्रोटिन एकदम दाट होतात, पीएच सरकतो, आणि अँटिबॉडीचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. तो गठ्ठा डोळ्याला दिसत नाही पण स्लाइडवर दिसतो, सगळीकडे बारीक ठिपके पडतात, आणि मग आपण ब्लॉकिंग (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी द्यायचा द्रव) बदलत बसतो, सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला पकडून रंग देणारी दुसरी) बदलत बसतो, महिना जातो.

कसं करायचं ते सांगते. ट्यूब बर्फावर ठेवून हळूहळू वितळू दे. उघडायच्या आधी दहा सेकंद छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव. १०० मायक्रोलिटर म्हणजे जेमतेम दोन थेंब, त्यातला काही भाग झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, उजेडाकडे धरून तिरकी करून बघ, दिसेल. मग १०-१० मायक्रोलिटरचे भाग कर. त्याहून लहान नको, कारण एवढासा थेंब असला की थोडा उडून जातो, थोडा प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतो, आणि हातात काय उरलं ते कळत नाही. प्रोटिन कमी चिकटणाऱ्या ट्यूब मिळतात, त्या असतील तर उत्तम. १:२०० ला, म्हणजे दोनशे पट पातळ करून, वापरणार असशील तर १० मायक्रोलिटरचे २ मिलिलिटर होतात, स्लाइडला १०० मायक्रोलिटर धरले तर वीस स्लाइड, एका बैठकीला भरपूर झालं. एक भाग वितळवला की तो ४ अंशाला ठेवून आठवडा-दोन आठवड्यात संपवायचा, परत फ्रीझरमध्ये टाकायचा नाही.

पावडर आली असेल, म्हणजे लायोफिलाइज्ड, तर कागदावर सांगितलंय तेवढंच पाणी किंवा बफर घाल, पाच-दहा मिनिटं शांत ठेव आणि बोटाने हलकेच टिचकी मार. व्हॉर्टेक्सवर ठेवून फेस काढू नकोस, फेसाच्या बुडबुड्यावर प्रोटिन उलगडतं.

आणि फ्रीझर कुठला आहे ते बघ. ठाण्यात-नवी मुंबईत बऱ्याच कॉलेजात डिपार्टमेंटच्या कोपऱ्यात घरगुती डबल डोअर फ्रिज असतो, त्याचा वरचा फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने स्वतःच थोडा गरम होतो, म्हणजे तू हात न लावता तुझी ट्यूब वितळत-गोठत राहते. दुसरा फ्रीझर नसेल तर निदान जाड थर्मोकोलच्या डब्यात, सगळ्यात मागे ठेव, दारात अजिबात नको. शिवाय आपल्याकडे एमआयडीसीच्या भागात मेंटेनन्सला लाइट जाते, पावसाळ्यात तर न सांगता जाते. लाइट गेली की दार उघडून "बघू वितळलंय का" करायचं नाही, बंद फ्रीझर कित्येक तास थंडी धरून ठेवतो. दारावर कागद चिकटव, "लाइट नसताना उघडू नये", मराठीत आणि हिंदीत, कारण रात्री वॉचमन उघडतो.

प्रश्न : लेबलवर काय काय लिहावं? (विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर : नाव, कुठल्या प्राण्यात बनली, लॉट नंबर, कॉन्सन्ट्रेशन, भाग केल्याची तारीख, तुझी इनिशियल्स. साधा मार्कर वापरू नकोस, ७० टक्के अल्कोहोलचा फवारा बसला की पुसलं जातं आणि मग पांढऱ्या झाकणाच्या पन्नास कोऱ्या ट्यूब उरतात. लॉट नंबर पॉलिक्लोनलला तर हवाच हवा, कारण ससा बदलला की अँटिबॉडीचं मिश्रण बदलतं आणि मागच्या लॉटचं डायल्युशन नव्याला लागू पडेल असं नाही.

प्रश्न : मॅडम, माझी कोलॅजेन वनची अँटिबॉडी टिश्यू सेक्शनवर (पातळ कापावर) इतकी सुंदर चालते, पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रोटिन वेगळी करून मग मेम्ब्रेनवर अँटिबॉडीने ओळखतो त्यात) काहीच येत नाही. सॅम्पल बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून ९५ अंशाला पाच मिनिटं उकळते, बाकी प्रोटिनचे बँड येतात, ॲक्टिनचा येतो, हिचाच येत नाही. कंपनीने खराब माल दिला का? (संशोधक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : माल बहुतेक चांगला आहे. सेक्शनवर चालते ना, मग अँटिबॉडी जिवंत आहे. तू तिला जे दाखवतेस ते तिच्या ओळखीचं नाही, एवढंच.

कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो ॲसिड ग्लायसिन, कारण वेणीच्या आतल्या बाजूला जागाच इतकी कमी की सगळ्यात लहान तेच तिथे मावतं. ही रचना आपल्याकडे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली, आपल्या देशातलं हे काम आहे आणि कोलॅजेनवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलीला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आता बाजारातल्या कितीतरी कोलॅजेन अँटिबॉडीज अखंड, न उकळलेलं कोलॅजेन प्राण्याला टोचून बनवलेल्या असतात, त्यामुळे त्या वेणी ओळखतात, सुटे केस नाही. तू उकळून वेणी सोडवलीस. घरी पाया करताना हाडं तासन् तास उकळतो आणि रस्सा गार झाला की थिजतो ना, ते थिजलेलं म्हणजे वेणी सुटलेलं कोलॅजेन, जिलेटिन. तुझ्या जेलमध्ये तेच गेलंय.

तर पहिलं काम, डेटाशीटवर वेस्टर्नसाठी तपासलेली आहे का बघ, आणि असेल तर "नॉन-रिड्यूसिंग" किंवा "नेटिव्ह" असा शब्द आहे का बघ. तो बारीक अक्षरात असतो आणि सगळे वगळतात. तसं लिहिलं असेल तर सॅम्पल न उकळता, रिड्यूसिंग एजंट न घालता नेटिव्ह जेलवर चालव, किंवा त्याच्याही आधी नुसता डॉट ब्लॉट करून बघ, एका मेम्ब्रेनवर न उकळलेल्या कोलॅजेनचा थेंब आणि शेजारी उकळलेल्याचा, तासा-दोन तासात उत्तर मिळतं आणि जेल वाया जात नाही. उकळलेल्यावरच काम करायचं असेल तर साखळीच्या एखाद्या तुकड्यावर, म्हणजे पेप्टाइडवर बनवलेली आणि वेस्टर्नला तपासलेली दुसरी अँटिबॉडी घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट, तू टिश्यू वापरतेस की सेल्स ते लिहिलं नाहीस, म्हणून दोन्हीचं सांगते. टिश्यू असेल तर मोठ्या वयाच्या प्राण्याच्या कातडीतलं, टेंडनमधलं कोलॅजेन एकमेकांत क्रॉसलिंक होऊन इतकं घट्ट बसलेलं असतं की प्रोटिन काढायच्या नेहमीच्या रिपा बफरमध्ये ते विरघळतच नाही. आपण सेंट्रिफ्यूज करतो, वरचं पाणी जेलवर घालतो, आणि सगळं कोलॅजेन खाली पेलेटमध्ये बसलेलं असतं जे आपण टाकून देतो! माझ्याकडे एका मुलीने असे तीन महिने घालवले होते, मी तिला टाकायची ट्यूब उचलून दाखवली, तळाशी पांढरी चिवट गाठ होती, चिमट्याने ओढली तर दोऱ्यासारखी ताणली गेली. ते बाहेर काढायला ०.५ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये पेप्सिन घालून थंडीत रात्रभर ठेवायची जुनी पद्धत आहे. पेप्सिन वेणीला फारसा धक्का लावत नाही, टोकं तेवढी कापतं, हे लक्षात ठेव कारण तुझी अँटिबॉडी टोकाचा भाग ओळखणारी असली तर पेप्सिननंतर ती आंधळी होईल.

सेल्स असतील तर फायब्रोब्लास्टला (कोलॅजेन बनवणाऱ्या सेल्सना) व्हिटॅमिन सी दिलंस का? साखळीतल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल लावणाऱ्या एन्झाइमला ते लागतं, त्याशिवाय वेणी टिकत नाही. स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं ते याच कारणाने. डिशमध्ये साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड लवकर ऑक्सिडाइज होतं, त्यामुळे एकदा घालून चार दिवस विसरायचं नाही, ताजं घालत राहायचं, किंवा त्याचं टिकाऊ फॉस्फेट रूप मिळतं ते घ्यायचं. आणि कोलॅजेन सेलमधून बाहेर जातं. नुसता लायसेट (फोडलेल्या सेल्सचं पाणी) बघू नकोस, वरचं मीडियम (सेल्स ज्यात वाढतात तो द्रव) पण जेलवर घाल.

बँड आला तरी तो जेलवर शेजारी चालवलेल्या, वजन माहीत असलेल्या मार्कर प्रोटिनच्या हिशोबात बसेल अशी अपेक्षा धरू नकोस. कोलॅजेनची साखळी नेहमीच्या गोल गुंडाळलेल्या प्रोटिनच्या मानाने जेलमध्ये वर अडकते, खरी आहे त्याहून जड भासते, शिवाय प्रोकोलॅजेन (कोलॅजेनचं कच्चं रूप) आणि अर्धवट कापलेली रूपं, त्यामुळे दोन-तीन बँड दिसणं साहजिक आहे. कमी टक्क्याचं जेल घे, ट्रान्सफरला जास्त वेळ दे. शुद्ध टाइप वन कोलॅजेन शेजारच्या लेनमध्ये घातल्याशिवाय एकही ब्लॉट करू नकोस, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न : खारघरला ज्या लॅबमध्ये मी ट्रेनिंग घेतलं तिथल्या ताईंनी मला एक ॲलिकॉट द्यायचं कबूल केलंय. मला तो ठाण्याला माझ्या कॉलेजात न्यायचाय, पनवेल-ठाणे लोकलने. ड्राय आइस लागेल का? (एमएस्सीची विद्यार्थिनी, ठाणे पूर्व)

उत्तर : नाही लागणार, आणि गर्दीच्या डब्यात ड्राय आइस नेऊच नकोस. तो मायनस ७८ अंशाचा घट्ट कार्बन डायऑक्साइड, त्याचा सतत वायू होत असतो, बंद डब्यात ठेवला तर झाकण उडतं आणि कोंदट जागेत श्वासाला त्रास होतो.

त्या ताईंना सांग की ॲलिकॉट आदल्या दिवशी ४ अंशाला काढून ठेवा. वितळलेलाच ने, बर्फाच्या पॅकवर, लहान थर्मोकोलच्या डब्यात. ट्यूब झिप पाउचमध्ये, पाउच टिश्यू पेपरात गुंडाळून, म्हणजे ती गोठलेल्या पॅकला थेट टेकणार नाही, नाहीतर ती परत गोठेल. खारघरहून ठाण्याला दुपारच्या गाडीने बसायला जागा मिळते, सकाळची टाळ. कॉलेजात पोचल्यावर सरळ फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि आठवड्याभरात वापर. एकच सूचना, डबा मांडीवर ठेव, वरच्या रॅकवर ठेवलास तर विसरून उतरशील, माझ्या ओळखीत झालंय असं.

प्रश्न : माऊसच्या त्वचेवर कोलॅजेन थ्रीचं स्टेनिंग करतोय, माऊस मोनोक्लोनल (माऊसपासून बनवलेली, एकाच प्रकारची अँटिबॉडी), एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं पेरॉक्सिडेज एन्झाइम) आणि डॅब (त्या एन्झाइमने तपकिरी होणारा रंग). अख्खी स्लाइड तपकिरी होते. प्रायमरी न घातलेली पण तपकिरी. (टेक्निशियन, महापे)

उत्तर : प्रायमरी न घातलेली स्लाइड तुम्ही ठेवलीत, त्याबद्दल आधी शाब्बास. ती पण तपकिरी आली म्हणजे प्रायमरीचा दोष नाही, पुढच्या पायरीत घोळ आहे, आणि तुमच्या पत्रात तो दिसतोच. माऊसच्या टिश्यूवर माऊसची अँटिबॉडी. सेकंडरीला सांगितलंय "माऊसची अँटिबॉडी दिसली की पकड", आता टिश्यूत माऊसच्या स्वतःच्या रक्तातल्या अँटिबॉडीज ठिकठिकाणी भरलेल्या आहेत, ती सगळ्यांना धरते. सशात बनवलेली प्रायमरी घ्या, हा सगळ्यात सोपा मार्ग. नाहीच जमलं तर याच कामासाठी वेगळे ब्लॉकिंग किट असतात.

त्याबरोबर बाकीचं पण तपासा. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं दिलं का, नाहीतर रक्तपेशींतलं पेरॉक्सिडेज स्वतःच डॅबला रंग देतं. ब्लॉकिंगला सेकंडरी ज्या प्राण्याची त्याच प्राण्याचा नॉर्मल सीरम वापरा. आणि सेक्शन वाळू देऊ नका, हे आपल्याकडे फार होतं, डोक्यावर पंखा, शेजारी एसी, आणि तासभर इन्क्युबेशन. सेक्शनच्या कडा आधी वाळतात आणि कडेला गडद तपकिरी पट्टा येतो, तो पट्टा दिसला की समजायचं पंखा. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला ओला टिश्यू पेपर, वर दोन काड्या, काड्यांवर स्लाइड. आम्ही वर्षानुवर्षं असंच केलं.

पॅराफिन ब्लॉक (फॉर्मलिन देऊन मेणात बसवलेला टिश्यू) असेल तर ॲन्टिजेन रिट्रीव्हल, म्हणजे झाकलेलं प्रोटिन अँटिबॉडीसाठी परत उघडं करणं, लागेल, कारण फॉर्मलिन प्रोटिनला एकमेकांत बांधून टाकतं. सायट्रेट बफर पीएच ६ मध्ये गरम करणं हा एक रस्ता, एन्झाइम हा दुसरा. टाइप फोर, जे रक्तवाहिन्या आणि किडनीच्या नळ्यांभोवतीच्या पातळ पडद्यात असतं, त्याला बऱ्याचदा पेप्सिन किंवा प्रोटिनेज के शिवाय रंगच चढत नाही. पण मिनिटं मोजून द्या, जास्त झालं की त्वचेचा सेक्शन स्लाइडवरून सुटून पाण्यावर तरंगतो.

स्टेनिंग बरोबर आलंय हे ओळखायचं कसं, तर प्रत्येक बॅचला ओळखीचा टिश्यू बरोबर चालवा. टाइप वन बघायचं तर त्वचेची डर्मिस (आतला जाड थर) किंवा टेंडन भरून रंगलं पाहिजे, आणि सांध्यातली कूर्चा कोरी राहिली पाहिजे, कारण तिथे टाइप टू असतं. एकाच सेक्शनमध्ये हाड आणि कूर्चा दोन्ही मिळाली तर सोन्याहून पिवळं, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते. आणि शेजारच्या सेक्शनवर मॅसन ट्रायक्रोम किंवा पिक्रोसिरियस रेड (अँटिबॉडीशिवाय कोलॅजेन रंगवणारे रंग) करून ठेवा, अँटिबॉडी तपकिरी दाखवते तिथे ट्रायक्रोममध्ये निळं किंवा हिरवं दिसतंय ना, मग विश्वास ठेवा.

प्रश्न : कव्हरस्लिपवर सेल्स वाढवून कोलॅजेन वनचं फ्लोरेसन्स (चमकणाऱ्या रंगाच्या सेकंडरीने स्टेनिंग) केलं. सेल्स नाहीत तिथे पण हिरवं चमकतंय. (विद्यार्थी, नेरुळ)

उत्तर : कव्हरस्लिपवर रॅट टेल कोलॅजेनचं कोटिंग केलं होतंस का? बहुतेक हो. कोलॅजेन सस्तन प्राण्यांमध्ये फारसं बदलत नाही, त्यामुळे माणसाच्या कोलॅजेनवर बनवलेली अँटिबॉडी उंदराचं, गाईचं पण ओळखू शकते, आणि तू काचेवर लावलेलं कोटिंगच रंगवून बसलास. पॉली-एल-लायसिनचं कोटिंग कर.

आणि सेकंडरी फ्लोरेसंट आहे तर ती मायनस २० ला टाकू नकोस, डेटाशीट वेगळं सांगत नसेल तर ४ अंशाला, फॉइलमध्ये गुंडाळून ठेव. पीई, एपीसी हे रंग गोठवले की गेलेच समज.

प्रश्न : डायल्यूट केलेली प्रायमरी परत वापरावी का? त्यात सोडियम अझाइड घातलं तर टिकेल असं ऐकलं. (प्रयोगशाळा सहायक, डोंबिवली)

उत्तर : पातळ केलेली अँटिबॉडी लवकर मरते. त्यात प्रोटिन इतकं कमी असतं की बरंचसं ट्यूबच्या भिंतीलाच चिकटतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रोटिन) घातलं तर जरा टिकते. ब्लॉटला एकदा-दोनदा परत वापरतात, ठीक आहे, पण स्लाइडला, आकडे काढायच्या कामाला, ताजीच करा. पहिल्या दिवसाची आणि पाचव्या दिवसाची स्लाइड शेजारी ठेवून "कोलॅजेन कमी झालं" असं कुणी लिहिलं तर ते कोलॅजेन कमी झालेलं नसतं.

अझाइडचं नीट ऐका. ०.०२ टक्के अझाइडने बुरशी-जिवाणू थांबतात हे खरं, पण ते एचआरपीला पण थांबवतं. सेकंडरीला एचआरपी जोडलेलं असेल तर त्यात अझाइड कधीच नको, आणि प्रायमरीत असेल तर मधले वॉश नीट द्या. अझाइड विषारी आहे, ॲसिडशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू निघतो, आणि तांब्या-शिशाच्या पाइपात साचत गेलं तर स्फोट होऊ शकेल असे क्षार बनतात. पावडर तोलायची असेल तर फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्हज घालून, आणि उरलेलं बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत. डोंबिवलीत केमिकलचे अपघात काय असतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : माझ्या बोटावर कोलॅजेन टूची अँटिबॉडी सांडली. वाचलं की हीच देऊन उंदरांना संधिवात करतात. मी दोन रात्री झोपले नाही. (विद्यार्थिनी, पनवेल)

उत्तर : अगं, झोप. तू वाचलंस ते खरं आहे, उंदरांमध्ये संधिवाताचा अभ्यास करायला टाइप टू कोलॅजेनच्या अनेक अँटिबॉडीजचं मिश्रण देतात, पण ते इंजेक्शनने, भरपूर प्रमाणात, आणि वर सहसा एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं द्रव्य) देऊन सूज वाढवावी लागते. तुझ्या बोटावर पडला तो काही मायक्रोलिटरचा थेंब. अँटिबॉडीचा रेणू साधारण दीड लाख डाल्टनचा, एवढा मोठा रेणू धडधाकट कातडीतून आत जात नाही. साबणाने हात धुतलेस ना, झालं. जखमेवर किंवा डोळ्यात गेलं असतं तर डॉक्टरांना दाखव म्हटलं असतं. पण ग्लोव्हज नव्हते हे मला आवडलं नाही, आणि थेंब सांडल्याचं गाइडला लगेच का सांगितलं नाहीस? रागावतील म्हणून दोन रात्री एकटीने घाबरत काढायच्या नाहीत. उद्या सांग.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. कोलॅजेन अँटिबॉडीची टेस्ट करून घ्यावी का? (गृहिणी, वाशी)

उत्तर : वर ज्या अँटिबॉडीबद्दल लिहिलंय त्या ट्यूबवर स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नाही. सासूबाईंना हाडांच्या नाहीतर संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या, कुठली टेस्ट करायची ते तेच ठरवतील.

प्रश्न : जुलैत पार्सल आलं, जेल पॅक पूर्ण वितळलेले, डबा कोमट. शिवाय फ्रिजमध्ये जुनी एक ट्यूब आहे, एक्स्पायरी गेलेली. दोन्ही टाकून द्यायच्या? (संशोधक, रबाळे)

उत्तर : घाईने टाकू नका. साधी आयजीजी (नेहमीच्या प्रकारची) अँटिबॉडी वाटते तेवढी नाजूक नसते, एक-दोन दिवस कोमट राहिली म्हणून सहसा मरत नाही, तिला मारतं ते वारंवार गोठणं-वितळणं. माझ्याकडे एकदा पावसात पार्सल शुक्रवारी संध्याकाळी गेटवर आलं, कुणी वर आणून दिलं नाही, सोमवारी सकाळी ओल्या खोक्यात मिळालं. मला रडू यायचं बाकी होतं, कारण परत मागवायला पैसे नव्हते. मग जुन्या लॉटमधला शेवटचा ॲलिकॉट आणि ही नवी, एकाच ब्लॉकच्या लागोपाठच्या सेक्शनवर, १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशी बाजूबाजूला चालवली. १:४०० पर्यंत दोन्हींत फरक कळेना, १:८०० ला नवी किंचित फिकी. वापरली, पुढे पावणेदोन वर्षं पुरली.

तुम्हीही तसंच करा, दोन्ही ट्यूबसाठी. डबा उघडला त्याच दिवशी वितळलेल्या पॅकचा तारखेसकट फोटो काढून विक्रेत्याला पाठवा, टेस्ट नंतर करा, कारण उशीर झाला की बदलून देत नाहीत. जुनी ट्यूब आधी उजेडात धरा, गढूळ किंवा तळाशी कण दिसले तर फिरवून वरचं स्वच्छ घेऊन बघा, वास येत असेल किंवा बुरशी दिसली तर मात्र टाका. ओळखीच्या टिश्यूवर पूर्वीसारखाच रंग आला तर वापरा, आणि वहीत लॉट नंबरापुढे लिहा की एक्स्पायरीनंतर अमुक तारखेला तपासली, अमुक डायल्युशनला चालली, आणि ती स्लाइड जपून ठेवा.